कास-बामणोली पट्ट्यातल्या आमच्या गावाचं हणजूण होऊ नये म्हणून काय करता येईल?

प्रश्न जावळी तालुक्यातल्या एका तरुणाचा आहे. थोडक्यात असा : शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, काठावरच्या त्यांच्या गावात लॉकडाऊननंतर पुण्या-मुंबईची काही मंडळी राहायला आली. एक कुंभारकाम करणारं जोडपं, दोन गाणारे, एक चित्रकार. पडकी घरं भाड्याने घेऊन त्यांनी नीट केली, भिंती रंगवल्या, पोरांना चित्रं काढायला शिकवली. मग त्यांचे मित्र आले, मित्रांचे फोटो फिरले, शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागायला लागली. आता एजंट गुंठ्याचा भाव विचारत दारोदार फिरतात, पाण्याकडे जाणाऱ्या वाटेवर कुणीतरी तारेचं कुंपण घातलंय आणि लोक गावाला ‘साताऱ्याचं हणजूण’ म्हणतात (हणजूण म्हणजे उत्तर गोव्यातलं, बाहेरचे लोक ज्याला अंजुना म्हणतात ते गाव). मुंबईला असलेले चुलते त्यांचा वाटा विकायला निघालेत. “आम्ही पाहुण्यांना हाकलून द्यायचं का? काकांना काय सांगू? आणि अशा गावांचं चांगलं काही होतं का?”

मी नगररचनेचं काम करते, राहते साताऱ्यात, आणि त्याआधी काही वर्षं गोव्यात बार्देश तालुक्यात काम केलंय. त्यामुळे या प्रश्नातली दोन्ही गावं माझ्या ओळखीची आहेत.

पाहुण्यांना हाकलू नका. त्यांच्यामुळे गाव जात नाही. गाव जातं ते खरेदीखतावर, आणि खरेदीखत बहुतेक वेळा गावात होतच नाही. ते होतं मेढ्याच्या किंवा साताऱ्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयात, आणि देणारा आदल्या रात्री मुंबईहून गाडीत बसून आलेला असतो. तुमची सगळी ताकद तिथे लावा. पार्टीचा आवाज, कचरा, दारूच्या बाटल्या यांचा त्रास खरा आहे, पण तो उद्या थांबवता येतो. विकलेली जमीन उद्या परत येत नाही.

हणजूणचं नाव निघालंच आहे, तर तिथे काय क्रमाने घडलं ते आधी पाहू, कारण लोकांच्या डोक्यात तो क्रम उलटा बसलाय. १९६० च्या दशकाच्या शेवटी तिथे परदेशी हिप्पी यायला लागले. त्यांनी जमिनी घेतल्या नाहीत. मच्छीमारांच्या आणि शेतकऱ्यांच्या घरात एखादी खोली भाड्याने घेऊन ते राहायचे, जेवायचे तिथेच. पैसे संपले की जवळच्या वस्तू विकायचे, त्यातून बुधवारचा बाजार उभा राहिला. त्या काळात घर गावकऱ्याचं होतं, विहीर गावकऱ्याची होती आणि भाड्याचे पैसे गावातल्या बाईच्या हातात पडत होते. हिप्पींच्या वागण्याबद्दल गावाला तक्रारी होत्या, त्यातल्या बऱ्याच रास्त होत्या. पण गाव हातातून गेलं ते पुढच्या टप्प्यात. १९८० च्या दशकात चार्टर विमानं उतरायला लागली आणि कळंगुट-कांदोळीचा पट्टा हॉटेलांनी भरला. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. त्यानंतर आले ते दुसरं घर घेणारे, आणि ते किनाऱ्यावर थांबले नाहीत. हणजूणच्या पाठीमागे आसगाव आहे, शेतं आणि जुनी पोर्तुगीज धाटणीची घरं असलेलं शांत गाव. तिथली घरं महानगरांतल्या पैशाने विकत घेतली गेली, भाडी इतकी चढली की जे चित्रकार-संगीतकार शांततेसाठी तिथे राहिले होते त्यांनाच आधी बाहेर पडावं लागलं. डिसेंबर २०२२ मध्ये मोपाच्या विमानतळाचं उद्घाटन झालं, आणि उत्तर गोव्यातली जमीन आणखी वर सरकली.

म्हणजे तुमच्या गावातलं ते कुंभारकामवालं जोडपं तुमच्याच बाजूला आहे. गाव बदललं तर सर्वांत आधी त्यांचं भाडं वाढणार, सर्वांत आधी त्यांचं बिऱ्हाड उठणार. त्यांना हे कळलंय का, ते एकदा त्यांच्याशी बसून बोला.

गोव्याकडून शिकण्यासारखं आणखी एक आहे. २००६ च्या डिसेंबरात तिथे ‘गोवा बचाव अभियान’ उभं राहिलं, कारण ‘प्रादेशिक आराखडा २०११’ मध्ये शेतं, डोंगर, खाजणं (खाडीकाठची बांध घातलेली सखल शेतं) बांधकामासाठी मोकळी केल्याचं लोकांनी नकाशे वाचून शोधून काढलं. जानेवारी २००७ मध्ये सरकारला तो आराखडा मागे घ्यावा लागला. पुढचा आराखडा चार्ल्स कोरिया यांच्या कार्यगटाने केला, तेव्हा त्याचे नकाशे पंचायतींकडे पाठवून गावांची मतं घेतली गेली. लोकांनी मोर्चे काढले हे सगळ्यांना आठवतं. मोर्च्याच्या आधी कुणीतरी रात्र-रात्र बसून सर्व्हे नंबर जुळवले होते, हे फार कमी जणांना ठाऊक असतं. तुम्हाला ते काम करणारी चार माणसं हवीत.

आता तुमच्या गावाकडे येते.

जावळी-पाटणचं वैशिष्ट्य हे की निम्मं गाव मुंबईत असतं. इथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या माथाडी म्हणून गेली. अण्णासाहेब पाटलांची चळवळ, १९६९ चा माथाडी कायदा, हे सगळं आपल्याच भागातल्या माणसांनी उभं केलेलं. आज कोपरखैरणे, घणसोली, ऐरोलीत तुमच्या भावकीची घरं असतील. त्यात कोयना धरणाने गावंच्या गावं उठवली, काही कुटुंबं रायगड-ठाण्याकडे गेली, काही डोंगर चढून वर वसली. परिणाम असा की सातबारावर पंधरा-वीस नावं, त्यातली अर्धी मयत, वारसनोंदी रखडलेल्या, आणि प्रत्यक्ष नांगर धरणारा एकच चुलता. एजंटाला असा सातबारा फार आवडतो. तो गावातल्या चुलत्याकडे जातच नाही. तो घणसोलीतल्या पुतण्याकडे जातो, ज्याने ती जमीन लहानपणी जत्रेला आल्यावर लांबून पाहिलेली असते. त्याला सांगतो, “तुझा अविभक्त हिस्सा आहे तसा विक, बाकीचं मी बघतो.” बाकीचं म्हणजे वाटपाचा दावा. दावा लागला की गावातला चुलता कोर्टात खेपा घालून थकतो आणि दोन-तीन वर्षांत तोही विकतो.

म्हणून तुमची पहिली सभा गावात घेऊ नका. नवी मुंबईत तुमचं ग्रामस्थ मंडळ असेल, त्यांची बैठक असते, तिथे जा. माझा आजवरचा अनुभव असा की मुंबईकर विकायला निघतो तो गाव नकोसं झालं म्हणून क्वचितच. त्याला घराचा हप्ता असतो, मुलीचं शिक्षण असतं, आणि गावची जमीन आपल्याला कधी काही देणार नाही अशी त्याची खात्री झालेली असते. त्या खात्रीला उत्तर द्यावं लागतं. ‘काळी आई विकू नका’ एवढं सांगून हप्ता फिटत नाही.

दुसरं काम अगदी छोटं आणि फुकट आहे. खरेदीखत झालं की फेरफाराची, म्हणजे सातबारावरचं नाव बदलण्याची, नोंद धरली जाते, हितसंबंधितांना नोटीस निघते आणि हरकतीला १५ दिवस मिळतात. ही नोटीस चावडीवर लागते, आणि महसूल विभागाच्या ‘आपली चावडी’ या पानावरही दिसते. जिल्हा, तालुका, गाव निवडा, गावातले प्रलंबित फेरफार समोर येतात : गट नंबर, फेरफाराचा प्रकार, हरकतीची शेवटची तारीख. गावातल्या एका मुलीने किंवा मुलाने दर सोमवारी हे पान उघडून त्याचा फोटो गावाच्या ग्रुपवर टाकायचा, एवढा नेम केला तरी निम्म्या गुपचूप व्यवहारांची गुपचूपी संपते. ज्याचा हिस्सा आहे त्याला मुदतीत हरकत घेता येते. ज्याचा नाही, त्याला निदान कळतं की डोंगराचा कुठला उतार कुणाकडे चाललाय. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, त्यांच्याशी बोलणं ठेवा, त्यांच्यावर संशय घेऊन सुरुवात करू नका.

कायद्याने तुमच्या हातात काही गोष्टी दिल्या आहेत. महाराष्ट्र कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम १९४८, कलम ६३ प्रमाणे परवानगीशिवाय शेतजमीन बिगरशेतकऱ्याला विकता येत नाही. घेणारा शेतकरी असल्याचा पुरावा काय दिलाय, तो कुठल्या गावचा, हे विचारायला लाजू नका. हेच कलम भाडेपट्ट्यालाही लागू आहे. ‘विकत नाही, तीस वर्षांच्या लीजवर देतो’ असं म्हणून रान शहरातल्या माणसाला देणारे ही गोष्ट विसरतात, आणि पुढे भांडण झालं की कागद टिकत नाही. गावठाणातल्या घराचं मात्र तसं नाही. घर भाड्याने द्या, पण लेखी आणि नोंदणी करून. भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे नोंदणी बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. तुमच्याकडे आलेल्या कलाकारांपैकी किती जणांचा करार नोंदवलेला आहे? बहुधा कुणाचाच नसेल. करार नसला की भाडेकरूला उद्या कुणीही जास्त पैसे देऊन उठवू शकतो, आणि घरमालकालाही संरक्षण राहत नाही.

गुंठेवारीचं एक रूप तुमच्याकडे आलं असेल : एनए (बिगरशेती परवाना) नाही, मोजणी नाही, दहा-अकरा अनोळखी माणसांची नावं मिळून एकच सातबारा, आणि जागेवर चुन्याने आखलेले प्लॉट. शेतजमिनीचे फार लहान तुकडे पाडायला आडकाठी करणारा तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे. त्यात वेळोवेळी सवलती येतात, तेव्हा ताजा नियम वकिलाकडून बघून घ्या. पण असा प्लॉट घेणाऱ्यालाही पुढे बांधकाम परवानगी मिळत नाही आणि तो विनापरवाना बांधतो. कास रस्त्यावर हा प्रश्न किती वर्षं चिघळतोय ते तुम्ही रोज जाता-येता बघताच.

वाटेच्या कुंपणाबद्दल. हे लगेच करा, कारण मुदत आहे. वहिवाटीची वाट किंवा पाण्याचा प्रवाह कुणी अडवला, तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा करता येतो. तो अडथळा केल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. वकील नसला तरी चालतो. सोबत गाव नकाशाची प्रत जोडा. नकाशावर वाट तुटक रेषेने दाखवलेली असेल तर काम सोपं होतं. नसेल तर आजूबाजूच्या खातेदारांचे जबाब लागतात, म्हणून म्हाताऱ्या माणसांना आत्ताच बोलतं करा : ही वाट कुठून कुठे जायची, गुरं कुठून पाण्यावर न्यायची, मयत कुठून न्यायची. पाणंद एकदा गेली की मागच्या दहा शेतांची किंमत पडते आणि ती दहा शेतं त्याच माणसाला स्वस्तात मिळतात. कुंपण घालणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं. आणखी एक लक्षात ठेवा, धरणाच्या पूर्ण पाणीपातळीपर्यंतची जमीन जलसंपदा विभागाची आहे. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर उघडी पडणारी गाळाची जागा कुणाच्याही रिसॉर्टची नाही, तिथे कुणी तंबू ठोकून ‘प्रायव्हेट’ अशी पाटी लावली असेल तर ती पाटी खोटी आहे.

आता पाण्याकडे वळते. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण आपल्याकडे लोक पावसाकडे बघून फसतात. आषाढ-श्रावणात हा भाग असा भिजतो की पाण्याची चिंता कुणाच्या मनात येत नाही, आणि एप्रिल-मे महिन्यात त्याच डोंगरावरच्या वाड्यांना टँकर लागतो. वर सड्यावर जांभा आहे, सच्छिद्र. पाऊस त्यात मुरतो आणि जांभा संपून खाली घट्ट थर किंवा काळा कातळ लागतो तिथे कडेला झरा बनून बाहेर येतो. तुमच्या गावाची टाकी बहुधा अशाच झऱ्यावर आहे. समोर शिवसागर भरलेला दिसतो, कोयनेची क्षमता १०५ टीएमसी, पण ते पाणी तुमच्या वापराचं नाही, ते वीज आणि सिंचनासाठी राखलेलं आहे. तुमचं पाणी म्हणजे तो झरा.

तो मोजा. पंधरा लिटरची बादली आणि मोबाईलमधलं घड्याळ पुरतं. बादली भरायला किती सेकंद लागतात ते महिन्यातून एकदा, ठरलेल्या तारखेला, वहीत लिहा. मे महिन्याचा आकडा सगळ्यांत महत्त्वाचा. समजा मे मध्ये बादली भरायला ६० सेकंद लागले. म्हणजे मिनिटाला १५ लिटर, दिवसाला २१,६०० लिटर. गावात ३५० माणसं धरली आणि जलजीवन मिशनच्या मापाने माणशी ५५ लिटर धरले, तर १९,२५० लिटर गावालाच लागतात. उरले २,३५०. म्हैस दिवसाला पन्नास-साठ लिटर पिते, चाळीस जनावरं असतील तर हेही गेलं. त्यात मे महिन्यात मुंबईकर घरी आलेले असतात, गाव दुप्पट झालेलं असतं. आता हॉटेलचं माप बघा : भारतीय मानकात एका खाटेमागे दिवसाला १८० लिटर धरतात. वीस खोल्यांचं, चाळीस खाटांचं रिसॉर्ट म्हणजे ७,२०० लिटर, गावातल्या १३० माणसांचं पाणी. पोहण्याचा तलाव यात धरलेला नाही.

हा हिशोब ग्रामसभेत फळ्यावर मांडा. मी अनेक गावांत पाहिलंय, ‘पर्यटन हवं की नको’ या वादात गावाचे दोन तट पडतात आणि संध्याकाळपर्यंत भांडण होतं. झऱ्याचा आकडा मांडला की वादाची जात बदलते. मग प्रश्न उरतो तो किती खाटा आणि कुणाच्या. बहुतेक ठिकाणी उत्तर निघतं की गावाला पेलतील एवढ्या खाटा गावातल्या घरांतच मावतात, आणि पाण्याची कमी पावसाळ्यातलं पाणी साठवून भागवावी लागते. महाराष्ट्र भूजल अधिनियम २००९ खाली सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर किंवा बोअर घेता येत नाही, तेव्हा आधी तुमचा झरा पंचायतीच्या दप्तरात पिण्याचा स्रोत म्हणून नोंदलेला आहे का ते बघा. आणि झऱ्याच्या वरच्या अंगाला कुणी जेसीबी लावून सपाटीकरण करत असेल तर त्याच दिवशी तहसीलदारांना लेखी कळवा. उतार कापून भराव टाकला की पाणी वाट बदलतं, झरा आटतो, आणि भराव पावसात सुटतो. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे अतिवृष्टीने डोंगर घसरून माणसं गाडली गेली. तिथे रिसॉर्ट नव्हतं. आपले उतार मुळातच एवढे नाजूक आहेत, त्यांना आणखी कापू नये एवढंच माझं म्हणणं आहे.

सांडपाण्याचंही तेच. सच्छिद्र जांभ्यावर वर खोदलेला शोषखड्डा म्हणजे खालच्या झऱ्यात सोडलेली गटार. जागा ठरवताना झरा वर आणि खड्डा खाली एवढं तरी पाळा.

परवानगी कोण देणार, हा घोळ आधी सोडवा. ‘नवीन महाबळेश्वर’ प्रकल्पासाठी सातारा, जावळी, पाटणच्या बाजूची दोनशेहून अधिक गावं अधिसूचित झाली आणि तिथे रस्ते विकास महामंडळाला विशेष नियोजन प्राधिकरण केलं गेलं. तुमचं गाव त्या यादीत असेल तर बांधकाम परवानगी आणि झोन ठरवण्याचा अधिकार पंचायतीकडे राहत नाही. सरपंचांवर ओरडून उपयोग नाही. आराखड्याचा नकाशा मिळवा, तुमचे गट नंबर त्यावर शोधा : कुठला भाग शेतीचा दाखवलाय, कुठला पर्यटनाचा, रस्ता कुणाच्या घरावरून गेलाय, झरा आणि देवराई दाखवली आहे की जागा कोरी आहे. हरकत घेताना ‘आमचा प्रकल्पाला विरोध’ एवढ्या एका ओळीचं निवेदन देऊ नका, ते फाईलमध्ये पडून राहतं. ‘गट नंबर अमुक मध्ये गावाचा पिण्याचा झरा आहे, सोबत बारा महिन्यांचं मोजमाप जोडलंय, हा भाग ना-विकास ठेवावा’ अशी हरकत सुनावणीत वाचावीच लागते. तुमची वही इथे कामाला येते.

पश्चिम घाट संवेदनशील क्षेत्राबद्दल गावात भीती घालणारे फिरतात, म्हणून सांगते. त्याच्या मसुदा अधिसूचना २०१४ पासून पुन्हा-पुन्हा निघाल्या, सहावी ३१ जुलै २०२४ ची. तिच्यात बंदी आहे ती खाणी, दगडखाणी, अति-प्रदूषणकारी उद्योग आणि २० हजार चौरस मीटर व त्याहून मोठ्या बांधकामांवर. तुमचं घर दुरुस्त करायला ती आड येत नाही. उलट माझी अडचण अशी आहे की उतारावरची छोटी-छोटी पन्नास रिसॉर्ट्स तिच्या जाळ्यातून सुटतात. महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून संवेदनशील क्षेत्र आहे, आणि तरी तिथे विनापरवाना बांधकामं झाली. वरून आलेला नियम गावाने आपला मानला नाही तर तो कागदावरच राहतो.

चांगलं काही होतं का, असंही तुम्ही विचारलंय. होतं. समुद्रकाठचंच उदाहरण हवं तर मंडणगड तालुक्यातलं वेळास घ्या. नाना फडणविसांचं हे मूळ गाव. वाईजवळच्या मेणवलीतला त्यांचा वाडा आपण साताऱ्याचे म्हणून दाखवतो, तेच नाना. वेळासला २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली, पुढे कासव महोत्सव सुरू झाला. लोक पिल्लं समुद्रात जाताना बघायला येतात आणि राहतात गावकऱ्यांच्या घरात, जेवतात त्यांच्या पडवीत, घरातल्या बाईने केलेलं. बघायला येण्याचा हंगाम दोन-अडीच महिन्यांचा, पिल्लं बाहेर येतात तेव्हाचा. उरलेलं वर्ष गाव आपलं आपण जगतं. कासवाचा कुणाला प्लॉट पाडता येत नाही, हा त्या गावाचा मोठा आधार आहे.

आपल्याकडे भिलार बघा. ४ मे २०१७ ला ते पुस्तकांचं गाव झालं. वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावावरून कल्पना घेतली, पण तिकडे पुस्तकांची दुकानं आहेत, इथे पुस्तकं लोकांच्या घरांत, देवळात, शाळेत ठेवली. वाचायला येणारा माणूस कुणाच्या तरी ओसरीवर बसतो, म्हणजे यजमान गावकरीच राहतो. भिलारला स्ट्रॉबेरीचा पैसा आधीपासून होता, त्यामुळे जमीन विकायची घाई नव्हती, हेही खरं. कासचं पठार २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत गेल्यावर गर्दी उसळली, तेव्हा दिवसाला तीन हजारांची मर्यादा, ऑनलाइन नोंदणी, शुल्क, आणि आजूबाजूच्या गावांची मिळून वनव्यवस्थापन समिती अशी व्यवस्था बसली. तुमच्या गावातली पोरं तिथे हंगामात काम करत असतील. ती व्यवस्था जशीच्या तशी गावाला लावता येणार नाही, कारण पठाराला फाटक घालता येतं, राहत्या गावाला घालता येत नाही. पण गाड्या गावाबाहेर एका जागी थांबवणं, तिथे शुल्क घेणं आणि तो पैसा पंचायतीच्या खात्यात दाखवणं, एवढं नक्की जमतं. बामणोली-तापोळ्याचे बोट क्लबही स्थानिकांनीच चालवलेत. पाहुण्याला घेऊन जाणारा हात गावचा असतो, आणि पैसा वाडीत फिरतो.

तुमच्या कलाकार मंडळींना मी दोन गोष्टी सांगेन. फोटो टाकताना जागेचं नाव आणि नकाशाची खूण टाकू नका. आणि मित्राला घर हवं असेल तर त्याला एजंटाकडे न पाठवता गावातल्या घरमालकाकडे आणा. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, हा देशाचा नियम आहे, तो पाहुण्याला आणि गावच्या वरातीला सारखा लावा, नाहीतर पाहुण्यांना तुम्ही बोलू शकणार नाही.

काकांचं काय करायचं, यावर शेवटी येते. त्यांना आधी फोनवर काही समजावू नका. भेटायला जा आणि पैसा किती लागतो, कधी लागतो ते विचारा. बऱ्याचदा गरज एजंटाच्या आकड्यापेक्षा खूप कमी निघते. आजोबांकडून वारसाहक्काने आलेली जमीन असेल, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २२ प्रमाणे एका वारसाने हिस्सा विकायला काढला तर दुसऱ्या वर्ग-१ वारसाला, म्हणजे तुमच्या वडिलांना, तो आधी विकत घेण्याचा हक्क आहे. शेतजमिनीलाही तो लागू आहे असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलंय. हा हक्क काकांवर उगारू नका, वडिलांना माहीत असू द्या. एवढा पैसा घरात नसेल तर काकांचं गावठाणातलं घर दुरुस्त करून नोंदणीकृत करारावर भाड्याने द्या आणि भाडं थेट त्यांच्या खात्यात जाऊ द्या. शेतावर करायचं असेल तर राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखाली तुमच्या नावाने नोंदणी करा, काकांना हिश्शाप्रमाणे वाटा लिहून द्या. जमीन वर्षाला काहीतरी देते हे त्यांना एकदा खात्यावर दिसू दे.

आणि तरीही विकावीच लागली, तर गावातल्या शेतकऱ्याला विका, भाव थोडा पडला तरी. आधी सरकारी मोजणी करून हद्दीचे दगड रोवून घ्या. खरेदीखताच्या चतुःसीमेत पाण्याकडची वाट, तिची रुंदी आणि गुरांची वहिवाट स्पष्ट लिहून घ्या, आणि झऱ्यापासून ५०० मीटरच्या आत बोअर घेणार नाही असं घेणाऱ्याकडून त्याच कागदात कबूल करून घ्या. मुद्रांक शुल्क तेवढंच लागतं, वाक्यं फक्त दोन जास्त टाईप करावी लागतात. मसुदा वकिलाला दाखवल्याशिवाय काकांना सही करू देऊ नका.